नकाराचा हक्क कोणाचा?



भिवंडी तालुक्यातील पूर्णा गावच्या एखाद्या गोदामात रात्रपाळीचा हमाल मालाच्या थप्पीवरून खाली कोसळला, असे क्षणभर समजा. ठाणे-भिवंडी मार्गावरील या पट्ट्यात जेथे पूर्वी भाताची खाचरे होती तेथे आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत, आणि त्या गोदामांत पाठीवर ओझे वाहणाऱ्यांत आपले बांधव पुष्कळ आहेत. त्याचे सोबती त्यास रिक्षात घालतात, अंजूरफाट्याच्या गर्दीतून वाट काढीत एका इस्पितळात नेतात. तेथे पहिला प्रश्न जखमेचा होत नाही, अनामत रकमेचा होतो. रक्कम जवळ नसते. मग टेबलावरून एक छापील कागद पुढे सरकतो. रुग्णास आम्ही आमच्या जबाबदारीवर घेऊन जात आहोत, पुढील परिणामांस इस्पितळ जबाबदार नाही, असा त्याचा आशय असतो. घाबरलेली पत्नी तो न वाचताच अंगठा उठविते. दप्तरात नोंद होते, की रुग्णाने उपचार नाकारला.

आमचा प्रश्न एवढाच आहे : येथे उपचार नाकारला कोणी?

हा प्रश्न आपण सर्वांनी विचारला पाहिजे. कारण रुग्णास उपचार नाकारण्याचा हक्क आहे, हे तत्त्व आज आपल्या देशाच्या कायद्याने मान्य केले आहे आणि ते तत्त्व मोलाचे आहे. परंतु जो हक्क माणसाच्या मोठेपणाची खूण म्हणून दिला गेला, तोच गरिबाच्या गळ्यात फासासारखा अडकविला जाणार असेल, तर त्या हक्काचा खरा अर्थ समजून घेणे हे आपले कर्तव्य होय.

या बाबतीत आपला इतिहास इतरांच्या इतिहासाहून निराळा आहे. इतर समाजांना रोग्याच्या नकाराचा प्रश्न पडला. आपल्या पूर्वजांना मात्र वैद्याचाच नकार सोसावा लागला. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या आत्मपर टिपणांत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नमूद केली आहे. ती १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’ पत्रात प्रसिद्ध झाली होती. त्या शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत येण्यास तयार होईना. गावच्या नगरशेटने दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा तो आला. पण तेही, रोग्यास वस्तीबाहेर आणून ठेवावे, या अटीवर. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या मुलासह बाहेर आणण्यात आले. डॉक्टरने तापमापक नळी एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिली, त्याने ती पतीच्या हाती दिली, पतीने पत्नीला लावली, आणि त्याच वाटेने ती परत गेली. दिव्याच्या उजेडात नळी पाहून डॉक्टरने फुप्फुसदाहाचे निदान केले व तो चालता झाला. पुन्हा तो आला नाही. ती माउली मरण पावली.

वाचकहो, त्या स्त्रीने उपचार नाकारला नव्हता. तिला उपचारच नाकारला गेला होता. म्हणून नकाराच्या हक्काविषयी बोलताना आपण क्रम चुकवू नये. आधी उपचार मिळण्याचा हक्क, मग तो नाकारण्याचा हक्क. जे मिळणारच नाही ते नाकारण्यात कसले आले स्वातंत्र्य? ज्याच्यापुढे ताटच वाढले नाही, त्याला तू उपाशी राहण्यास मोकळा आहेस असे सांगणे, ही निव्वळ थट्टा आहे.

पहिला हक्क कायद्याने आपल्या पदरात घातला आहे, हे घराघरांत माहीत असले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८९ रोजी निर्णय दिला, की जखमी माणसाचा जीव वाचविण्यासाठी तात्काळ मदत करणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबविता येत नाही. पुढे बंगालमध्ये शेतमजुरांच्या संघटनेचा एक सभासद १९९२ साली आगगाडीतून पडून डोक्याला जबर जखमी झाला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्यास दाखल करून घेतले नाही. अखेर खासगी इस्पितळात पदरमोड करून त्याचा जीव वाचला. ती संघटना न्यायालयात गेली. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग होय; आणि त्या मजुरास २५ हजार रुपयांची भरपाई देवविली. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, त्या संविधानाचे हे कलम आहे. ते भिंतीवरील तसबिरीसारखे केवळ पुजण्यासाठी नाही. इस्पितळाच्या दारात उच्चारण्यासाठी आहे.

आता दुसऱ्या हक्काकडे वळू. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले, की सज्ञान आणि भानावर असलेला मनुष्य उपचार नाकारू शकतो. त्या नकारामुळे मृत्यू ओढवणार असला, तरीही हा हक्क त्याचाच राहतो. पुढे आपण बोलू शकणार नाही अशी अवस्था आली तर काय करावे व काय करू नये, हेही त्याला आगाऊ लिहून ठेवता येते. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही रीत सुलभ केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर असा लेख करता येतो. पूर्वीप्रमाणे दंडाधिकाऱ्याकडे जावे लागत नाही.

या निर्णयामागे आपल्याच महाराष्ट्रातील एक दुःखद प्रकरण उभे आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाशवी हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे अन्न थांबवावे की नाही, यावर देशभर वाद झाला. लेखिका पिंकी विराणी न्यायालयात गेल्या. केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने परिचारिकांचा शब्द मानला. ज्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची सेवा केली, त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. तथापि त्या साऱ्या वादात एक आवाज नव्हता, आणि तो म्हणजे खुद्द अरुणा शानबाग यांचा. आपला आवाज हरपण्यापूर्वी आपले मत सांगून ठेवणे किती अगत्याचे आहे, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

खरा नकार कसा असतो, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमात ५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबा भावे यांना हृदयविकाराचा झटका आला. काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले. डॉक्टर जवळ होते, औषध जवळ होते, घ्यावे असा आग्रह करणारेही होते. तरी त्यांनी घेतले नाही. १५ नोव्हेंबरला त्यांचा अंत झाला. त्यांच्या विचारांशी आपले मतभेद असोत, आणि ते पुष्कळ आहेत. पण तो नकार त्यांचा स्वतःचा होता, यात शंका नाही. आता हाच नकार पूर्णा येथील हमालाच्या अंगठ्याशी ताडून पाहा. विनोबांसमोर औषध होते आणि त्यांनी हात मागे घेतला. हमालाने हात पुढे केला होता आणि औषधच मागे घेतले गेले. दोन्ही ठिकाणी दप्तरात शब्द एकच पडतो : ‘नकार’. शब्द एक म्हणून सत्य एक होत नाही.

मग खऱ्या नकाराची कसोटी कोणती? आमच्या मते तीन गोष्टी हव्यात. पहिली भान : रोगी सज्ञान व शुद्धीवर असला पाहिजे. दुसरी माहिती : आजार काय, उपाय काय, उपाय केला तर धोका कोणता आणि न केला तर कोणता, हे त्याला त्याच्या भाषेत समजलेले असले पाहिजे. तिसरी मोकळीक : पैशाचा, धाकाचा वा अंधश्रद्धेचा दाब त्याच्यावर नसला पाहिजे. या तिहींपैकी एकही नसेल, तर तो नकार नव्हे. ती परागंदा केलेली जबाबदारी होय.

आपल्या घरांत या कसोटीला न उतरणारे नकार कोणत्या वाटांनी शिरतात, ते पाहू.

एक वाट पैशाची. तिचे वर्णन वर आलेच आहे. त्यावर उपाय आहेत, पण ते ठाऊक नसतात. महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या इस्पितळांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णास अनामत न मागता दाखल करून त्याचा जीव स्थिर करणे हेही त्यांच्यावर बंधनकारक आहे. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची शासकीय आरोग्य योजना आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर धावते आहे. हे सर्व संपल्याशिवाय कोणत्याही कागदावर अंगठा उठवू नका.

दुसरी वाट भगताची. पावसाळ्यात खाचरात कोणाला पान लागले, की अजूनही काही घरांत आधी भगत आठवतो आणि मग इस्पितळ. त्या अर्ध्या तासात विष अंगात भिनते. नागपूरच्या भूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या केवळ मूर्ती घराबाहेर काढण्यासाठी दिल्या नाहीत. मनातील भगत बाहेर काढण्यासाठी दिल्या. नवी दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावे. २०१३ सालच्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र व गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरविला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडून अखेर प्राण वेचले. भगताच्या सांगण्यावरून दिलेला नकार हा रोग्याचा नसतो, भगताचाच असतो.

तिसरी वाट घरातल्या कर्त्या माणसाची, आणि तिच्याविषयी बोलताना आपण स्वतःकडे बोट वळविले पाहिजे. बायको अडली, तिचे पोट कापावे लागेल असे डॉक्टर म्हणाले, की उत्तर देतो नवरा, नाहीतर सासू. जिच्या देहावर शस्त्र चालायचे, तिला कोणी विचारीत नाही. महात्मा गांधींच्या घरातील दोन प्रसंग येथे उद्‌बोधक आहेत. दक्षिण आफ्रिकेत आजारी कस्तुरबांना गोमांसाचा रस द्यावा, असे डॉक्टरचे म्हणणे पडले. गांधींनी आत्मचरित्रात नमूद केले आहे, की त्यांनी पत्नीला विचारले आणि तिने स्वतः ठाम नकार दिला. तो नकार तिचा होता. आपल्याला पटो वा न पटो, तो मान्य करणे प्राप्त होते. पुढे १९४४ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्या बंदिवासात अत्यवस्थ असता कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन आणविण्यात आले. ते टोचावे, असा पुत्र देवदास यांचा आग्रह होता. ते नको, असे पित्याचे मत पडले. आणि ते दिले गेले नाही. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे देहावसान झाले. त्या औषधाने त्या वाचल्या असत्या की नाही, हा आमचा मुद्दा नाही. निर्णय झाला तो पिता-पुत्रांच्या बोलण्यातून, हा मुद्दा आहे. पती कितीही थोर असला, तरी पत्नीचा देह ही त्याची मिळकत नव्हे.

कायदाही आता हेच सांगतो. दिल्लीतील एका ४४ वर्षांच्या स्त्रीला केवळ तपासणीसाठी भूल दिली असता, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरने तिचे गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ती सज्ञान होती, प्राणावर बेतलेली तातडी नव्हती, तिला शुद्धीवर येऊ देऊन विचारता आले असते; म्हणून आईची संमती ही तिची संमती नव्हे. आपल्या बीड जिल्ह्यात याहून भयंकर घडले. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात, अशी ओरड झाल्यावर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. ‘आज काढली नाही तर कर्करोग होईल’ अशी भीती घातली गेल्याचे कित्येकींनी सांगितले. येथे तातडी रोगाची नव्हती, ती निर्माण केलेली होती. अशा वेळी ‘थांबा, मला समजावून सांगा’ असे म्हणण्याची ताकद हाच नकाराच्या हक्काचा गाभा आहे.

या हक्काला मर्यादा आहेत काय? अर्थातच आहेत. रोगी बेशुद्ध असेल, त्याच्या वतीने बोलणारे कोणी नसेल आणि वेळ दवडता येत नसेल, तर त्याच्या हितासाठी सद्‌हेतूने केलेला उपचार गुन्हा ठरत नाही. जुन्या दंडसंहितेतील ही तरतूद आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे. कर्जाने, अपमानाने वा नैराश्याने ज्याने विष घेतले, त्याच्या ‘मला वाचवू नका’ या शब्दांनाही आम्ही नकार म्हणत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसास तीव्र तणावाखाली मानले असून त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. बालकांच्या बाबतीत तर आई-बापांनी आपला हट्ट त्यांच्या प्राणावर लादू नये. साथीच्या रोगात इतरांच्या जीविताचा प्रश्न येतो, म्हणून शासनास काही निर्बंध घालता येतात. परंतु २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही.

सक्ती आणि सेवा यांतील अंतर आपल्याला पुण्याने फार पूर्वी दाखविले आहे. १८९७ च्या प्लेगात रँडच्या अमलाखाली सोजीर घराघरांत घुसत, रोग्यांना ओढून नेत; लोक रोग्यांना लपवू लागले. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील एका रोगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन हडपसरच्या माळावरील डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोहोचविले, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. सोजिरांना पाहून दारे बंद झाली. सावित्रीबाईंसाठी ती उघडली. विश्वास असला म्हणजे नकाराची वेळ फारशी येत नाही.

कोणी विचारील, की उपचार नाकारणे हे प्राणिहिंसेपासून विरत राहण्याच्या आपल्या पहिल्या शीलाला धरून आहे काय? आमचे मत असे. आयुष्य टाकून देणे वेगळे, आणि निसर्गक्रमाने संपत आलेल्या आयुष्यावर यंत्रांचा निष्फळ मारा नको म्हणणे वेगळे. पहिल्याला धम्मात आधार नाही. दुसरे मध्यम मार्गाच्या विरुद्ध नाही. विनयपिटकातील महावग्गात तथागतांची एक हकीकत आहे. अतिसाराने स्वतःच्याच मळात लोळत पडलेला एक भिक्खू त्यांना आढळला. तथागतांनी पाणी घातले, आनंदाने त्यास धुतले, दोघांनी उचलून त्यास मंचकावर निजविले. आणि मग त्यांनी संघाला बजावले, की ज्याला आपली सेवा करावयाची असेल त्याने रोग्याची सेवा करावी. तेथेच त्यांनी चांगल्या रोग्याची लक्षणेही सांगितली : त्याने पथ्य पाळावे, प्रमाण ओळखावे, औषध घ्यावे, आपला विकार खरा खरा सांगावा, वेदना सोसाव्यात. म्हणजे रोगी हा केवळ निजलेला देह नव्हे. जाणणारा, सांगणारा, ठरविणारा मनुष्य आहे. ऐकीव गोष्ट, रूढी वा थोराचा शब्द म्हणून काही मानू नये, हे कालामांना सांगणाऱ्या गुरूचे आपण अनुयायी आहोत. डॉक्टरलाही तोच न्याय लागू आहे. त्याच्या विद्येचा आदर करावा, पण प्रश्न विचारण्यास कचरू नये.

म्हणून आमची विनंती अशी. पुढच्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्या. प्रत्येक कुटुंबात निदान एकाने तरी चार प्रश्न पाठ करावेत : रोग काय आहे? उपाय कोणता? उपाय केला तर काय होईल? न केला तर काय होईल? कागदावर सही करण्यापूर्वी तो मराठीत वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलीला बोलवावे. नकार पैशाअभावी असेल, तर ‘पैसे नसल्यामुळे नेत आहोत’ असे त्याच कागदावर स्पष्ट लिहावे. खोटे कारण लिहू देऊ नये. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने खासगी शुश्रूषागृहांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आवश्यक केले आहे. ती कोठे आहे, असे विचारावे. वडीलधाऱ्यांनी आपली अखेरची इच्छा धडधाकट असतानाच मुलांना सांगून ठेवावी, शक्य तर लिहून ठेवावी. आणि पुरुषांनी इस्पितळाच्या दारात पत्नीच्या वतीने उत्तर देण्यापूर्वी एकदा मागे वळून तिला विचारावे.

काठेवाडच्या त्या बाळंतिणीला कोणी काही विचारले नाही. तापमापक नळी तीन हातांतून तिच्यापर्यंत गेली आणि तीन हातांतून परत आली. तिचा शब्द मात्र कोणापर्यंत पोहोचला नाही. आपण धम्म स्वीकारला तो माणूस म्हणून उभे राहण्यासाठी. माणसाला ‘हो’ म्हणता आले पाहिजे, ‘नाही’ म्हणता आले पाहिजे, आणि ते त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटले पाहिजे. उद्या पूर्णा येथील एखाद्या भगिनीपुढे तो छापील कागद सरकविला जाईल, तेव्हा तिने अंगठा पुढे करण्याऐवजी मान वर करून विचारावे, ‘यात काय लिहिले आहे?’ एवढे घडले तरी आमचे लिहिणे सार्थकी लागले.

जय भीम.